सरसापासून अ‍ॅराल्डाइटपर्यंत : घरातल्या लाकडाच्या डागडुजीचा इतिहास

(नेरे, ता. मुळशी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज मी जरा उशिरा पोचलो, त्याबद्दल आधी माफी मागतो. पण उशीर झाला तो तुमच्याच गावात. इथे येताना एका जुन्या घरापाशी थांबलो होतो. घर पाडायला काढलंय, कौलं उतरवून झालीयेत, दारात सागवानी चौकट तेवढी उभी आहे. मालक म्हणाले, "मास्तर, ही चौकट नव्या घराला बसवायची म्हणतोय. आजोबांच्या वेळची आहे. पण खालून कुजलीय. पोरगा म्हणतो अ‍ॅराल्डाइट भरू. सुतार म्हणतो पाय कापा. तुमचं आज भाषण आहे म्हणे, तर सांगा."

मी त्यांना म्हटलं, भाषणाला या, तिथे सांगतो. आलेत ते, मागे बसलेत. आता उत्तर द्यायचं तर मला थोडं मागे जावं लागेल, कारण पोराचं म्हणणं आणि सुताराचं म्हणणं ही दोन वेगळ्या काळांतली उत्तरं आहेत.

आधी चौकटीकडेच बघू. तिच्या वरच्या कोपऱ्यात आडवं लाकूड उभ्यात घुसलंय. एकाला कुसू, म्हणजे जीभ काढलीय. दुसऱ्याला तेवढीच खाच. आणि दोन्हींच्या आरपार एक लाकडी खुंटी. खिळा नाही, डिंक नाही. मी बोटाने चाचपून बघितलं, खुंटीचं डोकं किंचित वर आलंय. शंभर पावसाळ्यांत लाकूड फुगलं, आक्रसलं, त्यात खुंटी हळूहळू सरकली. पण कोपरा हललेला नाही.

आपल्याकडच्या सुतारकामाचा पाया हा. लाकडाला लाकूडच धरून ठेवतं. शनिवारवाड्याचं सागवान जुन्नरच्या रानातून आलं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. १७३० साली काम सुरू झालं आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. एवढ्या वेगाने एवढं लाकूड उभं राहिलं त्याचं एक कारण असं की लाकूडकाम जमिनीवर घडवायचं, खुणा करायच्या आणि मग वर नेऊन जुळवायचं. जे असं जुळवता येतं ते उलगडताही येतं. वाड्याचे खांब विकले जायचे, एका गावची तुळई दुसऱ्या गावच्या देवळाला लागायची. १८२८च्या आगीत शनिवारवाड्यातलं बहुतेक लाकूडकाम गेलं, नाहीतर त्यातलंही बरंच कुठे कुठे फिरताना दिसलं असतं.

आणि गावात हे काम कोण करायचा? गावचा सुतार. तो बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं, त्यात ही सगळी व्यवस्था आहे, तिच्या कुरबुरींसकट. सुताराला खळ्यावर धान्याचं बलुतं मिळायचं आणि त्याबदल्यात वर्षभर नांगर, पाभर, कुळव नीट ठेवायचे. ही व्यवस्था फार गोड होती असं मी म्हणत नाही. जातीने बांधलेलं काम होतं ते, आणि बलुतं कमी पडलं तरी तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच होता. पण दुरुस्तीच्या बाजूने बघा. डागडुजीचे वेगळे पैसे नाहीत, म्हणजे सुताराच्या फायद्याचं काय? पुढच्या वेळी लवकर सुटेल, लवकर बसेल असं काम. नांगराची पाचर ठोकून काढायची, झिजलेला भाग बदलायचा, पाचर परत ठोकायची. एकदाच कायमचं चिकटवून टाकायची कल्पना त्याला परवडलीच नसती.

डिंक नव्हता असं नाही. बारीक कामाला, पेट्यांना, वाद्यांना, खुर्च्यांना सरस लागायचा. जनावरांचं कातडं, हाडं उकळून काढलेला. वड्या मिळायच्या, त्या रात्री भिजत घालायच्या, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद तापवायचं. थेट आचेवर ठेवला की करपतो. वास असा की घरात कुणी हे करू देत नसे, अंगणात करायचं. गरम असताना लावायचा, गार होण्याआधी लाकडं दाबून बांधायची.

याच्या मागे आणखी जुनं नाव आहे, वज्रलेप. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त त्याच्या कृती दिल्या आहेत. टेंभुरणीची कच्ची फळं, कवठ, सावरीची फुलं, वेखंड असं काय काय पाण्यात घालून आटवायचं, एक अष्टमांश उरलं की त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल घालायचं आणि गरम असताना लावायचं. देवळं, मूर्ती, भिंती, विहिरी यांना. दुसऱ्या एका कृतीत शिंगं आहेत, म्हशीचं कातडं आहे. म्हणजे तो सरसाचाच भाऊबंद झाला. तो टिकणार किती, तर एक कोटी वर्षं! (हशा) हसू नका, आजच्या जाहिरातीही काही कमी बोलत नाहीत. आणि शब्द अजून जिवंत आहे. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची झीज रोखायला २०२० साली लेपन झालं, तेव्हा ते काम रसायनांचं होतं, पण बातम्यांतून आपण ऐकलं ते 'वज्रलेप' म्हणूनच.

सरसाचा दोष सगळ्यांना माहीत होता. पाणी लागलं की सुटतो. इथे मुळशीत, चार महिने दमट हवा, बुरशी, किडे. त्याचा गुणही तोच, हे मात्र मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते पानशेतमुळे.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. माझी आत्या नारायण पेठेत राहायची. पाणी ओसरल्यावर घरात गेले तेव्हा चिखलात खुर्च्यांचे पाय एकीकडे, पाठी एकीकडे, दांड्या तिसरीकडे. सहा खुर्च्यांचा ढीग. आत्या रडायला लागली. शेजारच्या सुतारकाकांनी एक पाय उचलला, टोक बघितलं आणि म्हणाले, "काही मोडलेलं नाही वहिनी, नुसतं सुटलंय." महिनाभर सावलीत लाकूड वाळवलं, टोकं खरवडली, नवा सरस लावून पाच खुर्च्या परत उभ्या केल्या. सहाव्या खुर्चीचे तुकडे पाण्याबरोबर गेले होते. त्यातली एक मी अजून वापरतो.

जोड कमकुवत होता म्हणून लाकूड वाचलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच्या दोनच वर्षं आधी, १९५९ साली, मुंबईत बळवंतराय पारेखांनी फेविकॉल बाजारात आणलं. पांढरा, थंड, डब्यातून काढायचा आणि लावायचा. विस्तव नको, वास नको, सकाळी भिजत घालणं नको. सुताराचा दिवसाचा तासभर वाचला. पारेखांनी माल विकायचा कुणाला हे बरोबर ओळखलं. घरमालकाला नाही, सुताराला. पुढे प्लायवूड आणि सनमायका घराघरांत आले, आणि फेविकॉलशिवाय ते काम होणारच नव्हतं. कुसू-खाचेचं काम मात्र कमी होत गेलं. प्लायवूडला कुसू काढणार कुठे? आणि पांढऱ्या डिंकाची एक खोड आहे. जुन्या वाळलेल्या थरावर नवा थर नीट धरत नाही. खाली कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडावं लागतं. घरी दुरुस्ती करणारे निम्मे लोक इथेच चुकतात, आणि मग म्हणतात डिंक भेसळीचा निघाला.

आता पोराच्या अ‍ॅराल्डाइटकडे येऊ. त्यासाठी तुम्हाला नेऱ्यातून थोडं लांब, स्वित्झर्लंडला नेतो. तिथे दातांचं साहित्य बनवणारी एक कंपनी होती, द ट्रे नावाची. तिचे रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां. १९३०च्या दशकात ते कवळीसाठी असा पदार्थ शोधत होते की जो घट्ट होताना आक्रसणार नाही. कवळी आक्रसली तर तोंडात बसेल कशी? तो पदार्थ म्हणजे इपॉक्सी राळ. दातांच्या धंद्यात तिचं फार काही झालं नाही. हक्क बाझलच्या सिबा कंपनीकडे गेले, आणि १९४६ साली सिबाने अ‍ॅराल्डाइट लोकांपुढे ठेवलं, मुख्यतः धातू चिकटवायला. अमेरिकेत साधारण त्याच सुमारास सिल्व्हन ग्रीनली रंगांच्या कामातून याच राळेपर्यंत पोचले होते.

लाकडाचा संबंध कुठे आला? विमानांत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचं मॉस्किटो विमान मुख्यतः लाकडाचं होतं. ते चिकटवायला आधी दुधातल्या केसीनचा डिंक वापरायचे. केंब्रिजजवळ डक्सफर्डला नॉर्मन द ब्राइन यांची एरो रिसर्च नावाची कंपनी होती, तिने फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला नवा डिंक दिला. आणि बघा, परीक्षा कुठे झाली? आपल्याकडे. १९४४ साली भारतात तैनात असलेल्या मॉस्किटोंचे पंख हवेत निखळून अपघात झाले, विमानं काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. दोष इथल्या उष्ण-दमट हवेचा, डिंकाचा, की कारखान्यातल्या जुळणीचा, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. पण जगातल्या डिंकवाल्यांना एक गोष्ट कळली की त्यांचा माल हिंदुस्थानच्या पावसाळ्यात टिकला पाहिजे. युद्धानंतर सिबाने एरो रिसर्च विकत घेतली आणि अ‍ॅराल्डाइटचं पुढचं बरंच काम डक्सफर्डलाच झालं.

आपल्याकडे ते दोन छोट्या नळ्यांच्या रूपात आलं. आमच्या लहानपणी फुटलेली कपबशी, चष्म्याची काडी, रेडिओचं बटण, सगळ्याला एकच औषध. गळक्या नळाला एमसील, तेही इपॉक्सीच, फक्त कणकेसारखं मळायचं. गंमत म्हणजे फेविकॉलवाल्या पिडिलाइटने २००० साली एमसील घेतलं आणि २०२० साली अ‍ॅराल्डाइटचा भारतातला धंदाही. दुकानात तीन डबे वेगळे दिसतात, मालक एकच.

इपॉक्सी लाकडाला एवढी मानवते का, हे दोन मिनिटांत सांगतो. फेविकॉल वाळतो. त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत जातं, मागे थर उरतो, म्हणून तो थर पातळ असावा लागतो आणि लाकडं शिकंज्यात घट्ट दाबावी लागतात. इपॉक्सी वाळत नाही. राळ आणि हार्डनर यांचा संयोग होऊन ती घट्ट होते, त्यातून काही उडून जात नाही, म्हणून ती जवळजवळ आक्रसत नाही. कास्तांना कवळीसाठी हवा होता तोच गुण. त्यामुळे ती फट भरते. उलट जोड फार आवळला तर राळ बाहेर पिळून निघते आणि आत उपाशी जोड राहतो. नुसतं हलकं धरून ठेवायचं. त्यात लाकडाचा चाळलेला भुसा घातला की सुताराच्या लांबीसारखी पेस्ट होते, आणि ती लांबीसारखी गळून पडत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये गुजन बंधूंनी १९६९च्या सुमारास लाकडी होड्यांना इपॉक्सी पाजण्याची पद्धत धंद्यात आणली. होडीवाल्यांकडून ती घरांच्या खिडक्या-चौकटींपर्यंत आली.

मोठा बदल मला वाटतो तो असा की दुरुस्ती सुताराच्या हातून घरमालकाच्या हातात आली. कुसू काढायला दहा वर्षं शिकावं लागतं. दोन नळ्या सारख्या पिळायला पाच मिनिटं पुरतात. निदान आपल्याला तसं वाटतं.

मलाही वाटलं. पाण्यातून वाचलेल्या त्या खुर्चीचा मागचा पाय एका पावसाळ्यात डुगडुगायला लागला. आम्ही शिकलेली माणसं, सुताराला कशाला बोलवायचं? मी खाचेत भरपूर अ‍ॅराल्डाइट ओतलं. पहिल्यांदा हार्डनर जास्त टाकला, म्हणजे लवकर घट्ट होईल असा हिशेब. ते आठवडाभर च्युइंगमसारखं चिकट राहिलं. हार्डनर म्हणजे स्वयंपाकातलं मीठ नव्हे, अंदाजाने घालायला. पाकिटावर लिहिलंय तेवढंच घ्यायचं, कारण जास्तीच्या हार्डनरला जोडीदार मिळत नाही. मग ते सगळं खरवडलं, बरोबर प्रमाणात परत भरलं. जोड दगडासारखा झाला. मी दोन वर्षं पाहुण्यांना दाखवत होतो.

तिसऱ्या वर्षी पाय मोडला. जोड शाबूत, त्याच्या वर चार बोटांवर लाकूड उभं चिरलं. सुतारकाकांचा मुलगा आला, त्याने उलटीपालटी करून बघितली. म्हणाला, "काका, पूर्वी जोड हलायचा म्हणून लाकूड वाचायचं. आता तुम्ही जोड हलू दिला नाही. बरं, पाय बदलतो म्हटलं तर हा बाहेर काढू कसा? सरस असता तर ओलं फडकं आणि इस्त्री पुरली असती." शेवटी खाचेतलं जुनं लाकूड पोखरून काढावं लागलं, आणि त्यात खुर्चीच्या पाठीचाही थोडा भाग गेला. पानशेतच्या पुरात जे मोडलं नव्हतं ते मी मोडलं.

तर आता चौकट. पोरगा आणि सुतार, दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे.

आधी पाणी कुठून येतं ते बघा. चौकटीचा पाय मातीत किंवा ओल्या कोब्यात रुतलेला असेल, रोज उंबऱ्यावर बादली ओतत असाल, तर काहीही भरा, मागून लाकूड कुजणारच. उलट सगळ्या बाजूंनी राळ फासून खालची बाजू उघडी ठेवलीत तर आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि वरून चकचकीत दिसणारा पाय आतून पीठ होतो. नव्या घरात पाय जमिनीपासून थोडा उचलून दगडावर घ्या.

मग पटाशीने टोचत वर या. जिथे पटाशी मऊ शिरते तिथपर्यंत लाकूड गेलं. कूज लाकडाच्या पूर्ण जाडीत असेल तर सुतार म्हणतो ते खरं, पाय कापायचा. पण सरळ आडवा नाही, तिरका लांब जोड द्यायचा, आणि तुकडा त्याच घराच्या पाडलेल्या तुळईतला घ्यायचा. तेवढंच जुनं, तेवढंच मुरलेलं सागवान आज विकत मिळणार नाही. तिरक्या जोडात इपॉक्सी जरूर लावा, तिथे ती फार चांगलं काम करते. कोपरा किंवा वरचा पापुद्राच गेला असेल, आत लाकूड ठणठणीत असेल, तर पोराचं खरं. भरा.

मात्र भरायचं ते एप्रिल-मे महिन्यात, लाकूड खडखडीत वाळल्यावर. सागवानात तेल असतं, म्हणून लावायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. पहिला हात नुसत्या राळ-हार्डनरचा, भुसा न घालता, म्हणजे लाकडाचे धागे ते पितात. तो चिकट असतानाच भुशाची पेस्ट भरा. एका वेळी मोठा गोळा कालवू नका. संयोगात उष्णता निघते, वाटीत धूर निघेल एवढी. हातमोजे घाला, हार्डनरने काहींना खाज येते आणि एकदा आली की दरवेळी येते. दुसऱ्या दिवशी घासताना नाकाला रुमाल. आणि बाहेरच्या बाजूला वरून रंग किंवा वॉर्निश हवंच. उन्हात इपॉक्सी पिवळी पडते आणि तिची भुकटी व्हायला लागते.

वरच्या दोन कोपऱ्यांना मात्र हात लावू नका. तिथे थेंबही नको. घर पाडणारे लोक चौकट करवतीने कापून काढतात, पंधरा मिनिटांचं काम असतं त्यांना. त्यांना थांबवा. दोन्ही खुंट्या मागच्या बाजूने लाकडी हातोडीने ठोकून काढा, चारही लाकडं सुटी करा, उजवं-डावं खडूने लिहून ठेवा. नव्या घरात ती परत जुळतील, फक्त खुंट्या नव्या लागतील.

कुणाचा तरी हात वर आहे. बोला ताई.

(श्रोत्यांतून : आमच्या जेवायच्या पाटाची खालची पट्टी सुटलीय. सासूबाईंचा पाट आहे. त्याला काय लावू?)

पाटाला? पट्टी मोडलीय की नुसती सुटलीय? सुटलीय ना. मग जुना डिंक खरवडून काढा आणि साधा फेविकॉल लावा, वर रात्रभर वरवंटा ठेवा. पाट पाण्याने पुसला जातो, पाच-सात वर्षांनी परत सुटेल. तेव्हा परत लावा.